मसादा आणि काळी रेघ : यिगाएल यादीन यांचे चरित्र

मृत समुद्राच्या पश्चिमेला, यहुदाच्या वाळवंटात, एक डोंगर एकटाच उभा आहे. चारी बाजूंनी कडे तुटलेले आणि वर सपाट माथा. कोकणातल्या माणसाला तो पाहताच रायगड आठवावा असा. ह्या डोंगराचे नाव मसादा. आज लाखो लोक तेथे जातात. कोणी पहाटे नागमोडी वाटेने चढून जातात, तर वयस्कर मंडळी रोप-वेने जातात. माथ्यावर राजा हेरोदाचे महाल, कोठारे, स्नानगृह आणि पाण्याची टाकी ह्यांचे अवशेष आहेत.

तेथल्या भिंतींकडे नीट पाहिले, तर दगडांवरून एक काळी रेघ गेलेली दिसते. कोठे ती गुडघ्याइतकी खाली आहे, कोठे डोक्याइतकी वर. ह्या रेघेच्या खालचा भाग उत्खननात जसा सापडला तसाच आहे. रेघेच्या वरचे दगड आपल्या काळातल्या माणसांनी पुन्हा रचलेले आहेत. घाईने फिरणाऱ्यांच्या लक्षातही ती येत नाही. पण प्राचीन वास्तूंचे जतन कसे करावे ह्याचा एक मोठा धडा त्या रेघेत आहे. ज्यांच्या देखरेखीखाली ती आखली गेली, त्या यिगाएल यादीन यांचे हे चरित्र आहे.

बालपण आणि घर

यिगाएल यांचा जन्म मार्च १९१७ मध्ये यरुशलेम येथे झाला. तेव्हा ह्या देशावर तुर्कांचे राज्य होते. त्यांचे घराण्याचे आडनाव सुकेनिक. वडील एलाझार सुकेनिक हे आजच्या पोलंडमधल्या ब्यालिस्तोक शहरातून येथे आले होते. सुरुवातीला ते शिक्षक होते, पण जुन्या अवशेषांचा त्यांना ध्यास लागला आणि पुढे ते हिब्रू विद्यापीठात पुरातत्त्वाचे प्राध्यापक झाले. आई हास्या ह्या देशातल्या बालवाडी शिक्षणाच्या पहिल्या कार्यकर्त्यांपैकी एक होत्या. घरात तीन मुलगे. मधला योसी पुढे नामवंत नट झाला. धाकटा मत्तित्याहू १९४८ च्या युद्धात वैमानिक म्हणून लढताना मारला गेला.

यिगाएल लहान असताना वडिलांच्या हातून एक महत्त्वाचे काम झाले. १९२८ च्या अखेरीस इज्रएलच्या खोऱ्यात हेफ्झिबा किबुत्झचे लोक पाण्यासाठी पाट खणत होते. कुदळीखाली रंगीत दगडांची चित्रफरशी लागली. लोकांनी काम थांबवले आणि विद्यापीठाला कळवले. एलाझार सुकेनिक तेथे गेले आणि १९२९ मध्ये त्यांनी उत्खनन केले. बेथ आल्फा येथील सहाव्या शतकातल्या सिनेगॉगची ती जमीन होती. तीवर आब्राहाम आणि इसहाक यांचे चित्र आहे, बारा राशी आहेत, हेखाल आणि मेनोरा आहेत. पाट खणणाऱ्यांनी तेव्हा कुदळ थांबवली नसती, तर ही फरशी आज राहिलीच नसती. अशा गोष्टी ऐकत आणि वडिलांच्या मागे फिरत यिगाएल मोठे झाले.

सैनिक

पंधरा-सोळा वर्षांचे असताना ते हगाना ह्या गुप्त संरक्षण संघटनेत गेले. तेथे खरे नाव वापरत नसत. त्यांनी यादीन हे नाव घेतले. हिब्रूत त्याचा अर्थ न्याय करील असा होतो. हे टोपणनावच पुढे त्यांचे आडनाव झाले. एकीकडे संघटनेचे काम आणि दुसरीकडे हिब्रू विद्यापीठातले शिक्षण अशी त्यांची ओढाताण अनेक वर्षे चालली. १९४१ मध्ये कार्मेला रुप्पिन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या.

१९४८ च्या स्वातंत्र्ययुद्धात यादीन सैन्याच्या मोहिमांची आखणी करणारे प्रमुख होते. तेव्हा त्यांचे वय ३१ वर्षांचे. त्या वर्षाच्या अखेरीस नेगेवच्या वाळवंटात इजिप्तच्या सैन्याने मुख्य रस्ते रोखून धरले होते. त्या भागातून रोमन काळातला एक रस्ता जात असे, हे यादीन यांना अभ्यासामुळे ठाऊक होते. वाळूत बुजलेला तो रस्ता शोधून, दुरुस्त करून, त्यावरून फौज नेण्यात आली आणि शत्रूच्या बगलेवर अनपेक्षित हल्ला झाला. १९४९ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते इस्राएलचे दुसरे सरसेनापती झाले. राखीव सैन्याची घडी बसवण्याचे काम त्यांच्या काळात झाले. १९५२ मध्ये सैन्याच्या खर्चात कपात करण्यावरून पंतप्रधान बेन-गुरियन यांच्याशी मतभेद झाले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि ते पुन्हा अभ्यासाकडे वळले.

वडिलांचे अपुरे काम

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी, ज्या दिवशी संयुक्त राष्ट्रसंघात देशाच्या विभाजनावर मतदान झाले, त्या दिवशी एलाझार सुकेनिक धोका पत्करून बेथलेहेमला गेले होते. मृत समुद्राजवळच्या एका गुहेत बेदुईनांना चर्मपत्राच्या जुन्या गुंडाळ्या सापडल्या होत्या. त्या त्यांनी एका व्यापाऱ्याकडे पाहिल्या आणि ओळखल्या. त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या होत्या. त्यांतल्या तीन गुंडाळ्या त्यांना मिळवता आल्या. बाकीच्या चार यरुशलेममधल्या सिरियन ख्रिस्ती मठाच्या धर्माध्यक्षांकडे होत्या. त्यांत यशया संदेष्ट्याचा संपूर्ण ग्रंथ होता. काही दिवस त्या सुकेनिक यांच्या हातात आल्या, पण पैशांची जुळवाजुळव होण्याआधीच परत द्याव्या लागल्या. पुढे त्या अमेरिकेला गेल्या. १९५३ मध्ये सुकेनिक वारले. त्या गुंडाळ्या आपल्या लोकांना कायमच्या दुरावल्या, हे दुःख त्यांच्या मनात शेवटपर्यंत राहिले.

दुसऱ्याच वर्षी यादीन व्याख्यानांसाठी अमेरिकेत होते. जून १९५४ मध्ये तेथल्या वर्तमानपत्रात एक लहानशी जाहिरात आली. मृत समुद्राच्या चार गुंडाळ्या विकणे आहे, अशी. यादीन यांनी स्वतःचे नाव पुढे येऊ न देता मध्यस्थांमार्फत बोलणी केली. इस्राएल घेणार हे कळले असते, तर व्यवहार मोडण्याची भीती होती. गुंडाळ्या खऱ्या आहेत का हे पाहण्यासाठी एका विद्वान प्राध्यापकाला खोटे नाव घेऊन पाठवण्यात आले. अडीच लाख डॉलरला त्या विकत घेतल्या गेल्या. आज ह्या सातही गुंडाळ्या यरुशलेमच्या इस्राएल संग्रहालयात, १९६५ मध्ये उघडलेल्या ग्रंथमंदिरात आहेत. ज्या मातीच्या रांजणांत त्या सापडल्या, त्यांच्या झाकणासारखा त्या इमारतीचा पांढरा घुमट आहे.

यादीन यांनी ह्या गुंडाळ्यांपैकी एकीवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली आणि १९५६ मध्ये त्यांना इस्राएल पारितोषिक मिळाले. १९५५ ते १९५८ ह्या काळात त्यांनी गालीलातल्या हाझोर ह्या प्राचीन नगराचे उत्खनन केले. देशातले अनेक पुरातत्त्वज्ञ तेथेच तयार झाले. १९६० आणि १९६१ मध्ये नहल हेवेरच्या गुहेत त्यांना बार कोखबा याची पत्रे सापडली. ज्या वीराची माहिती केवळ परंपरेतून आणि तुटक उल्लेखांतून मिळत होती, त्याचे हुकूम अठराशे वर्षांनी वाचता आले. ह्यानंतर ते मसादाकडे वळले.

मसादावरील दोन मोसम

मसादाची कथा इतिहासकार जोसेफस याने लिहून ठेवली आहे. हेरोदाने येथे किल्ला आणि महाल बांधले. दुसरे मंदिर पडल्यानंतर बंडखोर यहुदी तेथे शेवटपर्यंत टिकून राहिले. इ.स. ७३ किंवा ७४ मध्ये रोमन सैन्याने पश्चिमेला मातीचा आणि दगडांचा प्रचंड उतार रचून तट फोडला. गुलाम होण्यापेक्षा आतल्या लोकांनी मरण पत्करले. जोसेफसच्या म्हणण्याप्रमाणे ९६० माणसे मेली आणि दोन स्त्रिया व पाच मुले वाचली. रोमनांच्या छावण्यांच्या चौकटी आणि तो उतार आजही तसेच दिसतात.

येथे उत्खनन करणे सोपे नव्हते. माथ्यावर पाणी नाही, सावली नाही. उन्हाळ्यात काम अशक्य, म्हणून ऑक्टोबर १९६३ ते मे १९६४ आणि नोव्हेंबर १९६४ ते एप्रिल १९६५ असे दोन मोसम ठरले. पैसाही मर्यादित होता. यादीन यांनी इस्राएलमधल्या आणि लंडनमधल्या वर्तमानपत्रांतून स्वयंसेवकांना बोलावले. पगार नाही, प्रवासखर्च स्वतःचा, राहणे तंबूत आणि किमान दोन आठवडे काम, अशा अटी होत्या. तरीही २८ देशांतून हजारो माणसे आली. त्यांत विद्यार्थी होते, नोकरदार होते, यहुदी होते आणि इतरही होते. वाळवंटातला वारा कित्येकदा तंबू उखडून टाकी. सकाळी सर्वजण रोमन उताराच्या बाजूने वर चढत आणि दिवसभर माती उकरून, बादल्या भरून, चाळण्यांतून चाळून काढत. एकही नाणे, बी किंवा खापराचा तुकडा हातून निसटू नये म्हणून ही चाळणी होती. अक्षरे लिहिलेली सातशेहून अधिक खापरे त्यातून मिळाली.

रेघ का आखली?

जमिनीखाली असलेली वस्तू एका अर्थाने सुरक्षित असते. माती तिला ऊन, वारा आणि पाऊस यांपासून वाचवते. ती उघडी केली की तिचा नाश सुरू होतो. गिलावा सुटतो, रंग उडतो, पावसाच्या एका लोंढ्याने भिंत खचते. वरून हजारो पाहुण्यांची पावले पडणार ती वेगळीच. म्हणून उत्खनन आणि जतन ही दोन्ही कामे एकाच वेळी झाली पाहिजेत, हे यादीन यांनी आरंभापासून ठरवले. खणणारे एका बाजूला काम करीत आणि जतन करणारे कारागीर त्यांच्या पाठोपाठ येत. गिलाव्याच्या सुटलेल्या कडा ते पक्क्या करीत, भित्तिचित्रांना आधार देत आणि मोझेकच्या फरशा सावरीत.

मोठा प्रश्न कोठारांचा होता. माथ्याच्या उत्तरेला धान्य, तेल आणि द्राक्षारस साठवण्याच्या लांबच लांब खोल्या होत्या. काही खोल्या २७ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद होत्या. भिंतींचे खालचे थर उभे होते आणि वरचे जड दगड आत कोसळून ढीग झाला होता. ते दगड बाहेर फेकून द्यावेत का? तसे केले तर भिंतीचे साहित्यच नाहीसे झाले असते. ढीग तसाच ठेवावा का? मग खाली काय आहे हे कधीच कळले नसते, आणि पाहणाऱ्याला केवळ दगडांची रास दिसली असती. यादीन यांनी तिसरा मार्ग घेतला. पडलेले दगड उचलून, खालचे उत्खनन पूर्ण करून, तेच दगड पुन्हा भिंतीवर चढवायचे. आणि जुने कोठे संपले व आपले काम कोठे सुरू झाले, ते काळ्या रेघेने दाखवायचे. काम करण्यापूर्वी ही जागा कशी होती हे पुढच्या लोकांना कळावे म्हणून एक कोठार न रचता पडक्या अवस्थेतच ठेवले गेले.

दुरुस्ती दोन प्रकारे फसवू शकते. दुरुस्तच केले नाही तर वास्तू नष्ट होते. फार सफाईने दुरुस्त केले तर आपण केलेले काम जुन्याच्या नावावर खपते, आणि दोन पिढ्यांनंतर खरे कोणते हे सांगणारा कोणी उरत नाही. काळी रेघ ही त्या फसवणुकीवरचा उपाय आहे. दुरुस्ती केली आहे आणि ती येथून केली आहे, एवढेच ती सांगते.

मसादावर केवळ यहुदी अवशेषच जपले गेले असे नाही. पाचव्या शतकात तेथे ख्रिस्ती साधू राहत होते. त्यांच्या लहानशा चर्चच्या भिंती आणि मोझेकची फरशीही सांभाळून ठेवण्यात आली. डोंगरावर जे जे लोक राहून गेले, त्या सर्वांचा तो इतिहास आहे.

सिनेगॉग आणि मिक्वे

तटाला लागून एक बाकांची खोली सापडली. ती बंडखोरांचे सिनेगॉग असावे असे यादीन यांनी ठरवले. जगातल्या अतिशय जुन्या सिनेगॉगांपैकी ते एक मानले जाते. आतल्या एका लहान खोलीच्या जमिनीखाली खड्ड्यांत पुरून ठेवलेले चर्मपत्राचे तुकडे मिळाले. एक दवारीम ग्रंथाचा आणि दुसरा यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाचा होता. ह्या दुसऱ्या तुकड्यात सुक्या हाडांना पुन्हा जीव येतो तो ३७ वा अध्याय आहे. जीर्ण झालेले पवित्र लिखाण टाकून न देता जमिनीत पुरायचे, ही आपल्या सिनेगॉगांतली रीत तेव्हाही होती असे ह्यावरून दिसते.

दुसरी गोष्ट मिक्वेची. दक्षिणेच्या तटात पाण्याचे हौद सापडले. पावसाचे पाणी एका हौदात साठे आणि भिंतीतल्या भोकातून ते शेजारच्या स्नानाच्या हौदाच्या पाण्याला मिळे. बातमी कळताच मिक्वेच्या नियमांचे जाणकार दोन रब्बी काही अनुयायांसह मसादावर आले. भर उन्हात, अंगावर जड काळे कपडे असताना, ते डोंगर चढले. इतर काहीही न पाहता ते थेट हौदात उतरले आणि मोजपट्टी काढून मापे घेऊ लागले. सर्व मापे नियमाप्रमाणे बरोबर निघाली. पुस्तकातला नियम आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा हौद एकमेकांशी जुळले, ह्याचा आनंद धर्मपंडितांना आणि संशोधकांना सारखाच झाला.

जेथे रेघ पुसट झाली

यादीन यांचे चरित्र प्रामाणिकपणे सांगायचे, तर त्यांच्यावर झालेली टीकाही सांगितली पाहिजे.

उत्तरेच्या महालाच्या खालच्या भागात तीन व्यक्तींचे अवशेष सापडले. त्यांत एक तरुण पुरुष, एक तरुण स्त्री आणि एक मूल होते. स्त्रीच्या केसांची वेणीसुद्धा कोरड्या हवेमुळे टिकली होती. दक्षिणेच्या कड्यातल्या एका गुहेत आणखी सुमारे पंचवीस माणसांची हाडे मिळाली. एका ठिकाणी नावे लिहिलेली अकरा लहान खापरे सापडली. त्यांतल्या एकावर बेन याइर हे नाव होते. मसादाच्या पुढाऱ्याचे नाव हेच होते. यादीन उत्तम वक्ते होते आणि त्यांनी ह्या सर्व वस्तू जोसेफसच्या कथेशी जोडून सांगितल्या. महालातली माणसे म्हणजे शेवटच्या रात्रीचे एक कुटुंब आणि खापरे म्हणजे मरणाची पाळी ठरवण्यासाठी टाकलेल्या चिठ्ठ्या असाव्यात, असे ऐकणाऱ्यांच्या मनात ठसले. १९६९ मध्ये गुहेतल्या हाडांचे लष्करी इतमामात दफन झाले. मसादा राष्ट्राचे प्रतीक बनले आणि चिलखती दलाचे नवे सैनिक तेथे शपथ घेऊ लागले.

पुढच्या संशोधकांनी प्रश्न विचारले. त्या तिघांची वये पाहता ती आई, बाप आणि मूल असणे शक्य नव्हते. गुहेतल्या हाडांबरोबर डुकरांचीही हाडे होती. मग ती माणसे यहुदी बंडखोरच होती कशावरून? ९६० माणसे मेली असतील तर एवढेच अवशेष का मिळाले? आणि जोसेफस स्वतः तेथे नव्हता, तर त्याच्या कथेतले किती खरे? ह्या प्रश्नांवर आजही वाद आहे. दुसरी टीका अशी की, यादीन यांनी बांधकामाचा बहुतेक सर्व भाग दोनच मोसमांत खणून काढला. उत्खनन एकदाच करता येते. म्हणून आज शक्य तेवढी जागा पुढच्या पिढीसाठी न खणता ठेवतात. त्या पिढीकडे अधिक चांगली साधने असतात.

दगडी भिंतीवर यादीन यांनी रेघ आखली. कथा सांगताना मात्र सापडलेले आणि जोडलेले यांतली रेघ काही ठिकाणी पुसट झाली. पण ही चूक इतरांना दाखवता आली ती त्यांच्याच पथकाने ठेवलेल्या नोंदींमुळे. कोणती वस्तू कोठे मिळाली, कोणत्या थरात मिळाली, ह्याची लेखी टिपणे, नकाशे आणि छायाचित्रे शिल्लक होती. यादीन यांचे मत बाजूला ठेवूनही त्या तपासता येतात.

शेवटची वर्षे

१९६६ मध्ये मसादा राष्ट्रीय उद्यान म्हणून लोकांसाठी खुले झाले. १९६७ मध्ये यादीन यांनी मृत समुद्राच्या गुंडाळ्यांपैकी सर्वांत लांब अशी मंदिराची गुंडाळी मिळवली आणि पुढची दहा वर्षे तिच्या अभ्यासात घालवली. १९७३ च्या युद्धानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाचे ते सदस्य होते. १९७७ मध्ये त्यांनी काढलेल्या नव्या पक्षाला क्नेसेतमध्ये १५ जागा मिळाल्या आणि ते उपपंतप्रधान झाले. पण पक्ष लवकरच फुटला. राजकारणात त्यांना यश आले नाही. १९८१ मध्ये ते विद्यापीठात परतले.

मसादाचा संपूर्ण शास्त्रीय अहवाल लिहायचा राहिला होता. तो लिहून होण्यापूर्वीच २८ जून १९८४ रोजी हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. वय ६७ वर्षांचे होते. त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी ते काम हाती घेतले आणि १९८९ पासून अहवालाचे खंड प्रसिद्ध होऊ लागले. वडिलांचे अपुरे काम जसे त्यांनी पुढे नेले, तसेच त्यांचे अपुरे काम इतरांनी पुढे नेले. २००१ मध्ये युनेस्कोने मसादाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

ह्या कामाचे एक फळ तर कोणाच्या स्वप्नातही नव्हते. मसादाच्या मातीतून चाळून काढलेल्या वस्तूंत खजुराच्या बिया होत्या. त्या कोणी कचरा म्हणून टाकल्या नाहीत. नोंद करून त्या चाळीस वर्षे जपून ठेवल्या. २००५ मध्ये त्यांतली एक बी आरावाच्या वाळवंटातल्या केतुरा किबुत्झमध्ये लावली आणि तिला अंकुर फुटला. बी सुमारे दोन हजार वर्षांची होती. त्या झाडाला मथुशेलह असे नाव दिले. ते नर झाड निघाले. पुढे यहुदाच्या वाळवंटातल्या दुसऱ्या जुन्या बियांपासून मादी झाडेही वाढली आणि २०२० मध्ये त्या प्राचीन जातीचा खजूर पुन्हा चाखता आला. मलिद्याच्या ताटात खजूर ठेवणाऱ्या घरांना ह्याचे मोल वेगळे सांगायला नको.

आपल्यासाठी

मसादाचे दोन मोसम चालू होते, त्याच काळात इस्राएलमध्ये बेने इस्राएल समाजाला आपल्या यहुदीपणाबद्दल झगडावे लागत होते. विवाहाच्या वेळी पूर्वजांची चौकशी करण्याचे नियम रब्बीनेटने घातले होते. समाजाने निदर्शने केली आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत असे जाहीर केले. ज्या समाजाला पुरावा मागितला गेला आहे, त्याला जुन्या वस्तूंचे आणि नोंदींचे महत्त्व दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नाही.

आपल्या इतिहासातही रेघेच्या खालचे आणि वरचे असे दोन भाग आहेत. मुंबईचे शआर हारहमीम सिनेगॉग १७९६ मध्ये स्थापन झाले आणि सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ते स्थापन केले, हे नोंदीत आहे. कोकण किनाऱ्यावर नवगावजवळ जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या व त्यांच्यापासून आपला समाज वाढला, ही पिढ्यानपिढ्या सांगितलेली परंपरा आहे. परंपरेला परंपरा म्हणण्यात तिचा अपमान नाही. उलट तसे सांगितले तर ऐकणारा तिच्यावरही विश्वास ठेवतो आणि नोंदीवरही.

घराघरांतून जुने फोटो, केथुबा, शाळेचे दाखले, कोकणातल्या घराची कागदपत्रे आहेत. वडीलधाऱ्यांनी ती मुलांसमोर काढावीत. प्रत्येक फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नावे, गाव आणि साल लिहावे. जे कागदावर आहे ते वेगळे लिहावे आणि आजी-आजोबांनी तोंडी सांगितले ते, सांगणाऱ्याच्या नावासह, वेगळे लिहावे. मुलांनी हे काम ह्याच शब्बाथनंतर सुरू केले तर उत्तम, कारण नावे ओळखणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.